हॉलिस साहेबांची फळी

हॉलिस साहेब धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि संपतने त्यांच्या पायाकडे पाहिलं. साहेबांच्या बुटाशेजारी विटेचा तुकडा होता, कालच्याच जागी.

संपत कतारमधल्या अल वक्ऱ्यातल्या एका क्लबचं मैदान राखायचा आणि हॉलिस साहेब तिथले प्रशिक्षक. तरुणपणी ते इंग्लंडकडून तिहेरी उडी मारायचे; आधी लंगडी, मग ढांग, मग वाळूत झेप. ऑलिंपिकचा संघ निवडला तेव्हा थोडक्यात राहिले, पुढच्या खेपेला टाचेचं हाड चिरलं. मग कुठल्याशा शाळेत कवायत शिकवत केस पिकवले आणि शेवटी कतार गाठलं. टाच अजून ठणकायची. संपतच त्यांना शेक द्यायचा, त्यामुळे त्या पायात किती दम उरलाय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१९७९च्या हिवाळ्यात क्लबच्या चिटणिसाने फर्मान काढलं. शुक्रवारी बडे पाहुणे येणार, साहेबांनी स्वतः उडी मारून दाखवावी. पसंत पडली तर करार वाढेल, नाहीतर विमानात बसा. साहेबांनी मान डोलावली आणि ज्या लाकडी फळीवरून उडी घेतात ती वाळूपासून सगळ्यात लांबच्या खाचेत बसवून घेतली. उमेदीत ते तेवढ्या लांबूनच उडत.

"म्हातारा वाळूपत्तुर पोचत न्हाई," क्लबचा ड्रायव्हर पोपटराव म्हणाला होता. "मधीच कडक जमिनीवर आपटंल. पाय खलास."

त्या धास्तीने संपतने शुक्रवारी सकाळीच फळी उपसली, ती खाच मातीने बुजवली आणि फळी वाळूजवळच्या खाचेत ठोकली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्याचा हिशेब. पण साहेबांची धाव त्या विटेपासून मोजलेली, ती लांबच्याच खाचेवर संपणार, हे त्याच्या डोक्यात आत्ता, वीट पाहिल्यावर आलं. आणि धावताना फळीकडे बघायचं नाही, असं साहेब सगळ्यांना बजावत.

ओरडावं, तर फळी कोणी हलवली हे उघड होणार. त्याचा पासपोर्ट क्लबच्या कपाटात, मालकांच्या ताब्यात. आपण किती भित्रे आहोत याची संपतला मनापासून लाज वाटली.

साहेब धावले. पाय बुजवलेल्या खाचेवर पडला. लंगडी झाली, ढांग झाली, आणि संपतने डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब वाळूच्या अगदी काठावर, पण वाळूतच, गुडघे टेकून बसले होते.

मोजमाप नियमाप्रमाणे फळीपासून झालं, पाय पडला तिथून नाही. आकडा शाळकरी पोराला शोभेल असा निघाला. पाहुण्यांनी चार टाळ्या वाजवल्या. चिटणीस लालबुंद होऊन आला आणि फळी तिथे कोणी आणली म्हणून विचारू लागला. साहेबांनी फळीकडे पाहिलं, मग संपतच्या चेहऱ्याकडे.

"मी हलवायला सांगितली," ते म्हणाले. "वय झालं."

"खलास," एवढंच म्हणून चिटणीस पाहुण्यांकडे वळला. करार बुडाला.

साहेब उठले, पण टाच टेकेना. संपतने खांदा पुढे केला. दोघे सावकाश मैदानाच्या कडेला ठोकलेल्या तंबूकडे निघाले.

"पोहोचा ना मैं?" साहेबांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

"पोचला, साहेब," संपत मराठीतच म्हणाला. "लांबून पोचला."

साहेबांनी मान डोलावली आणि आपलं सगळं वजन त्याच्या खांद्यावर टाकलं.