ताईच्या बाजूची झेंडी

मी बुद्धिबळाच्या सामन्यांत ठेवतात ते एक जुने, किल्लीचे घड्याळ आहे. मला दोन तोंडे आहेत. पण मित्रांनो, मी दुतोंडी मात्र नाही. खेळाडू चाल करून आपले बटण दाबतो, की त्याचा काटा थांबतो आणि समोरच्याचा चालू लागतो. वेळ संपली की लाल झेंडी पडते आणि तो खेळाडू हरतो. एवढेच मला कळते. पटावर काय चालते, ते मला कधीच उमगले नाही.

कारागिराने मला गुळगुळीत लाकडी पेटीत बसवले. क्लबात आलो तेव्हा जो तो माझ्या काट्यांचे कौतुक करी.

एका स्पर्धेत शेवटच्या फेरीला माझ्या दोन बाजूंना कपडे शिवणारी ताई आणि नळ दुरुस्त करणारा तिचा धाकटा भाऊ बसले. आईच्या आजारपणात कुणी किती केले, यावरून दोघांत अबोला होता, असे पंच कुजबुजत होते. जो जिंकेल, त्याला क्लबच्या संघातली उरलेली जागा मिळणार होती. एकमेकांकडे न बघताच दोघांनी हात मिळवले.

खेळ रंगात आला. ताईने घोडा पुढे केला आणि बटण दाबायचेच विसरली. ती भावाच्या चालीची वाट बघत बसली, आणि काटा मात्र तिचाच धावत होता. मी पार गोंधळलो. चाल याची, वेळ तिची! सांगावे, तर मला टिकटिकीशिवाय दुसरी भाषा येत नाही. भावाच्या ते लक्षात आले होते. त्याची नजर माझ्याकडे यायची आणि खाली जायची. काट्याने झेंडी उचलली; आता ती कुठल्याही क्षणी पडणार होती. तो गप्प राहिला असता, तर जागा त्याचीच होती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "बटण दाब."

तिने दाबले. थोड्याच चालींत भावाचा राजा कोंडीत सापडला म्हणे, आणि तो हरला. माझा गोंधळ आणखीच वाढला. हरलेला हसत होता, जिंकलेली डोळे पुसत होती.

"आईची औषधं तूच आणायचास रे," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

मग दोघे बोलत बसले. किती वेळ, ते मला विचारू नका; मला त्यांनी बंद करून ठेवले होते.

पुढे बॅटरीची घड्याळे आली आणि मी कपाटात धूळ खात पडलो. त्या दिवशी नक्की कोण जिंकले, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून मायेने हात लावत जा. आणि आपल्या माणसाची वेळ वाया जाताना दिसली, तर चाल कुणाची आहे हे बघत बसू नका. बोला.