एका पायातली चप्पल

टायर रिमपासून निम्मा सुटला होता तेव्हा फोन वाजला. हात काळे होते म्हणून मी उचलला नाही. परत वाजला. डेपोतल्या सोबत्याने माझ्या खिशातून काढून माझ्या कानाला लावला.

"भाऊ, घरी या," शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"वहिनी पडल्यात. अंगणात."

"दवाखान्यात न्या. मी तिकडेच येतो."

त्या म्हणाल्या, "डॉक्टर येऊन गेले, भाऊ."

मी बरं म्हणालो. हात धुतले. नखांतलं काळं निघेना म्हणून परत साबण लावला. सोबत्याला सांगितलं, "आत ट्यूब चिमटलीय, बघून घे."

"तू जा रे बाबा," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, याला काय झालं?

ही कुंपणाशी पडली होती. झाडं कापायची मोठी कात्री कुणीतरी तिच्या हातातून काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्या केसांत पानांचे तुकडे होते. शिंपीणबाई ते एकेक वेचत होत्या, तांदूळ निवडावेत तसे. मी जवळ बसलो. काय करायचं ते कळेना, म्हणून मीही वेचू लागलो.

पुढचं सगळं लोकांनी उरकलं. मुलगी दुसऱ्या गावाहून आली, गळ्यात पडून रडली. मला रडू आलं नाही. कुणी चहा दिला की प्यायचो. जीभ भाजली हे मागाहून कळायचं.

"बाबा, तुम्ही इथे एकटे काय करणार?" मुलगी म्हणाली. "डेपोचं काम सोडा, आमच्याकडे चला. तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे."

"बरं."

"रविवारी टेम्पो सांगितलाय. लागेल तेवढंच सामान घेऊ."

"बरं."

"घराला भाडेकरू बघू."

"बरं."

तिने स्वयंपाकघर आवरलं, मग मागची पत्र्याची खोली उघडली. ती हिची खोली. ही लोकांच्या बागा सांभाळायची. गवत काढणं, झाडांना आळी करणं, कुंपणं छाटणं. त्या कामासाठी एकेक अवजार तिने जमवलं होतं. बहुतेक जुन्या बाजारातली. दांडे मात्र स्वतः बसवलेले, आपल्या हाताच्या मापाचे. मी एकदा विचारलं होतं, एवढं लागतं कशाला? म्हणाली होती, "अंगणाची कामं चारच. खणायचं, कापायचं, ओढायचं, वाहायचं. बाकी सगळी दुकानदाराची हौस."

आमच्या गल्लीत प्रत्येक घराला जरासं अंगण आहे. पहार कुणाला वर्षातून एकदा लागते, करवत तेवढीही नाही. मग सगळे हिच्याकडे यायचे. ही कुणालाच नाही म्हणायची नाही. फक्त अट एक. पायातली एक चप्पल काढून ठेवायची. अवजार ज्या खिळ्यावरून निघालं त्याच खिळ्यावर ती चप्पल टांगायची आणि माणसाने एका पायाने अनवाणी घरी जायचं.

"माणूस कुदळ विसरतो हो," ती म्हणायची. "पण एका पायात चप्पल घालून किती दिवस फिरेल?"

कुणी चलाखी करून घरून जुनी तुटकी आणली तर ही ती बाहेर भिरकावायची. "ही नको. जी घालून आलात ती काढा."

हे सगळं मुलीचं लग्न झाल्यानंतर सुरू झालेलं. तिला ठाऊक नव्हतं. तिने दार उघडलं तर खिळ्यांवर अवजारं थोडी आणि चपलाच जास्त.

"बाबा, ही काय भानगड? सगळ्या एकेका पायाच्या! आईला झालं तरी काय होतं?"

मला सांगायचं होतं. पण बोलायला पहिला शब्द लागतो, तो सापडेना. मग तिने सगळ्या चपला पोत्यात भरल्या, पोतं ओढत नेऊन कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकलं. मी ओट्यावर बसून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला. खांद्यावर पहार. एका पायात कामाचा बूट, दुसऱ्यात बायकोची गुलाबी सपात.

"काका, इतके दिवस जीव झाला नाही यायचा," तो खाली बघत म्हणाला. "दुःखाच्या घरी बूट कुठे मागायचा? पण आज स्लॅबचं काम आहे, खिळे असतात सगळीकडे. ही पहार घ्या. माझा बूट तेवढा..."

मुलगी आतून बाहेर आली. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"म्हणजे त्या..." ती म्हणाली.

मी उठलो. कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी उभी होती, तिचा आवाज येत होता. गुडघे दुखतात म्हणून मी पळत नाही. त्या दिवशी पळालो असेन, कारण गवंडी मागून ओरडला, "काका, सावकाश!"

गाडीवाल्याने पोतं उचललंच होतं.

"थांबा."

"काय काका? काही महत्त्वाचं गेलं का?"

"चपला आहेत."

त्याने पोत्याचं तोंड उघडून पाहिलं. हात घालून ढवळलं. "अहो, यात एक जोडी नाही जुळत."

"जुळणारच नाही."

"मग घेऊन करणार काय?"

"लोकांच्या आहेत. द्यायच्यात."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पोतं माझ्या खांद्यावर दिलं. "सांभाळून न्या. खालून ओलं झालंय."

अंगणात मी पोतं उलटं केलं. कुठली चप्पल कुठल्या खिळ्यावरची हे आता कळायला मार्ग नव्हता. ते हिच्या डोक्यात होतं. मी नुसत्या ओळीने मांडल्या. गवंड्याने आपला बूट उचलला, झटकला, घातला. जाताना पहार खोलीत नेऊन तिच्या जागी उभी केली. जागा त्याला माहीत होती. मला नव्हती.

त्याने गल्लीत सांगितलं असावं. दिवसभर माणसं येत राहिली. शिंपीणबाई फांद्या छाटायची छोटी सिकेटर घेऊन आल्या. त्यांची चप्पल आणि पलीकडच्या नर्सबाईंची अगदी एकसारखी, दोन्ही एकाच दुकानातल्या. दोघींनी घालून पाहिल्या, काढल्या, परत घातल्या.

"ही तुमची. टाच झिजलीय बघा, तुमची चाल तशीच आहे."

"आणि तुमची चाल काय हरणाची?"

दोघी हसल्या आणि हसता हसता एकदम थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हसा की." ते म्हणताना माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं.

निवृत्त मास्तर एका हातात पाला ओढायचं दाताळं आणि दुसऱ्यात शिडीचं टोक धरून आले. सोबत त्यांची सून शिडीचं दुसरं टोक धरून.

मुलगी म्हणाली, "मास्तर, तुमच्याकडेच राहू द्या ना. आम्ही रविवारी जातोय. आई तर नाही आता."

"ठेवून कसं चालेल?" मास्तर म्हणाले. "चप्पल तिच्याकडे आहे ना."

"ती घेऊन जा की."

"नुसतीच? वस्तू न देता?" त्यांनी मान हलवली. "तुझ्या आईने मला गल्लीच्या टोकापर्यंत अनवाणी चालवलंय, पोरी. भर उन्हात. मी हेडमास्तर होतो हे सांगितलं तर म्हणाली, मग दोन्ही काढा."

संध्याकाळी खोली भरली. पहार, टिकाव, कुदळ, फावडी, खुरपी, करवत, एका चाकाची हातगाडी. प्रत्येक खिळ्यावर अवजार. हे सगळं एकाच वेळी घरात आहे असं मी कधी पाहिलं नव्हतं. हिनेही पाहिलं नसेल. काहीतरी नेहमी बाहेरच असायचं. रात्री जेवण गेलं नाही.

मुलगी दारात उभी होती. "रिकामी करायची होती, तर उलट भरून बसली," ती म्हणाली. "उद्या भंगारवाल्याला बोलावते. चालेल ना?"

मी फावड्याची माती खरवडू लागलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला माझ्या 'बरं'ची सवय झाली होती.

भंगारवाला दुपारी यायचा होता. त्याच्या आधी गल्लीच्या टोकाला नव्याने राहायला आलेली बाई आली. इस्त्रीचं दुकान टाकलंय तिने.

"काका, कुदळ मिळेल का? भिंतीशी पाणी साचतंय, चर खणायचाय. इथे मिळते म्हणाले."

"घेऊन जा ना," मुलगी म्हणाली. "परत नाही आणलीत तरी चालेल."

बाईने कुदळ उचलली. दांड्यावरून हात फिरवला. "चांगली आहे हो." आणि निघाली.

ती फाटकापर्यंत गेली होती. मी म्हणालो, "चप्पल."

"काय?"

"एक चप्पल ठेवून जायची. कुदळ आणलीत की परत मिळेल."

ती मुलीकडे पाहू लागली, म्हातारा ठीक आहे ना अशा नजरेने. मुलगी माझ्याकडे बघत होती. बाईने कुदळ भिंतीला टेकवली. "कुठल्या पायातली?"

हे हिने कधी सांगितलं नव्हतं. "कुठलीही," मी म्हणालो.

तिने डावी काढून माझ्या हातात दिली. निळी होती, अंगठ्यापाशी शिवलेली. कुदळ खांद्यावर टाकून ती गेली, ऊन लागत होतं म्हणून एक पाऊल जपून टाकत. मी चप्पल खोलीत नेली आणि कुदळीच्या खिळ्यावर टांगली.

मागे मुलगी येऊन उभी राहिली.

"बाबा, ती परत द्यायला येईल तेव्हा इथे कोण असेल?"

मी चप्पल सरळ केली.

तिने आत जाऊन फोन लावला. भंगारवाल्याला आज येऊ नका म्हणाली, कारण सांगितलं नाही. मग चहा ठेवला. चहा कडक झाला होता. गरमही होता. मी फुंकून प्यालो.

आज शनिवार. कुदळ अजून यायची आहे. टेम्पोवाल्याला दोघांपैकी कुणीही काही सांगितलेलं नाही.