सरळ रेघ

वसुधाने गाउनची नाडी सोडली आणि मार्था नर्सच्या नजरेला नजर द्यायचं टाळलं. छातीच्या डाव्या बाजूला, टाक्यांच्या खाली, जांभळी रेघ होती. चांगली ठसठशीत. मशीनचे किरण कुठे पडायचे ते त्या रेघेवरून ठरायचं. पहिल्याच दिवशी मार्थाने बजावलं होतं, तेल नाही, साबण नाही, रेघेला धक्का लावायचा नाही.

बारा दिवस वसुधाने ते पाळलंही. पण आज नरकचतुर्दशी. न्यू जर्सीत नऊ वर्षं काढली, तरी पहाटेचं अभ्यंगस्नान तिने एकदाही चुकवलं नव्हतं, आणि सत्त्याऐंशी सालीच नेमकं चुकवायचं? नरकाची भीती एरवी कोणाला वाटते हो! कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईला वाटते. उजव्या खांद्याला बोटभर तेल, बस्स, एवढंच ठरवलं होतं. तेल ओघळलं, उटण्याचा हात सवयीने फिरला आणि रेघ गेली.

मग चंद्रशेखर धावला. तिचा नवरा पुलांची ड्रॉइंग तपासणारा इंजिनिअर. पट्टी आणली, जांभळं पेन आणलं, आणि वीस वर्षं रेघाच ओढतोय म्हणाला. ऑपरेशननंतर तो तिथे पहिल्यांदाच बघणार होता. त्याचा चेहरा कसा होतो ते बघायची तिची हिंमत नव्हती. तिने डोळे गच्च मिटून घेतले आणि त्याने रेघ ओढली.

आता ती टेबलावर आडवी झाली. हात डोक्यावर ठेवायला सांगून सगळे बाहेर निघाले. जाड दार सरकू लागलं. त्या रेघेच्या अगदी शेजारी तिचं काळीज धडधडत होतं. किरण भलतीकडेच पडले तर? सांगावं तर अडाणी ठरायचं, न सांगावं तर...

"थांबा," ती मराठीतच ओरडली.

मार्थाला मराठी कुठलं कळायला, पण आवाज कळला. दार थांबलं. वसुधाने तेलापासून पेनापर्यंत सगळं सांगून टाकलं. मार्था रागावली नाही. डॉक्टरांना बोलावून मापं पुन्हा घेतली गेली, नवी रेघ निघाली, आजची ट्रीटमेंट उद्यावर गेली. कातडी लाल झालीय तिथे हे हलक्या हाताने लावत जा, असं सांगून मार्थाने कॉर्नस्टार्चचा, म्हणजे मक्याच्या पिठीचा, डबा दिला.

चंद्रशेखर बाहेर उभाच होता.

"रेघ चुकली?"

"पाऊण इंच."

तो खुर्चीत बसला.

"सरळ होती पण," तो म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "मी बघितलंच नाही, वसू. पट्टी ठेवली आणि मान फिरवली. भीती वाटली मला."

वसुधा त्याच्याकडे बघत राहिली. सकाळपासून तिला वाटत होतं, घाबरट काय ती आपण एकटीच.

घरी आल्यावर तिने पडदे ओढले, बटणं सोडली आणि डबा त्याच्या हातात दिला.

"डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली.

आणि तिनेही मिटले नाहीत.