कॅमेऱ्याच्या पोटातला फोटो

धुवायला टाकण्याआधी खिसे तपासा, हे चष्मेवाल्यांनी अख्ख्या संसारात ऐकलं आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. बायको होती तोवर खपून गेलं. ती गेल्यावर तिचा निळा कोट दाराआडच्या खुंटीवर तसाच लटकत राहिला. तो धुवायचा म्हटलं की यांचा हात धजायचा नाही. शेवटी लेकीने फारच टुमणं लावलं, तेव्हा त्यांनी तो एकदाचा साबणाच्या पाण्यात बुडवला. पिळायला घेतला तर आतल्या खिशात काहीतरी टणक हाताला लागलं.

तिचा कॅमेरा. ज्याच्यासाठी कपाटं, माळे, गाद्यांखालची जागा, सगळं घर पालथं घातलं होतं, तोच. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते असं.

लेक धावत आली. तिने कार्ड काढून पुसलं, वाळवलं, कॉम्प्युटरला लावलं, आणि शेकड्यांनी फोटो जसेच्या तसे उघडले. तिचा जीव भांड्यात पडला. आता हे डबडं फेकून द्यायला हरकत नाही, असं तिने जाहीरही केलं.

"सगळे नाही आले," चष्मेवाले म्हणाले.

त्या फोटोंत लेक होती, जावई होता, शेजाऱ्यांचं मांजर होतं. बायको एकाही फोटोत नव्हती, कारण काढणारी तीच. भिंतीवर लावायची वेळ आली तेव्हा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घ्यावा लागला होता. त्यातली बाई रांगेत कोणीतरी मध्ये घुसल्यासारखी बघते. चष्मेवाल्यांना ती आपली वाटत नाही.

पण एकदा दोघं तळ्यावर गेले होते आणि ती कार्ड घरीच विसरली होती. काही बिघडत नाही, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पोटात चार-दोन फोटो मावतात, असं म्हणून तिने तो पहिल्यांदाच यांच्या हातात दिला होता. तो फोटो ना कार्डात, ना कॉम्प्युटरात. कॅमेरा एकदा तरी सुरू झाला, तरच तो दिसणार.

दुरुस्तीवाल्याने कॅमेरा न उघडताच हात वर केले. लेकीच्या सल्ल्याने तो तांदळात पुरून झाला. त्यातून बॅटरीच्या खाचेत एक दाणा तेवढा अडकला. मग चष्मेवाल्यांनी आपल्या दुकानातून चष्म्याच्या दांड्यांचे बारके स्क्रू फिरवायचा पेचकस घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं पसरलं.

आधी फ्लॅशपाशी बोट गेलं आणि तिथे साठून राहिलेल्या विजेने असा झटका दिला की ते खुर्चीसकट मागे सरकले. हात नको तिथे घालायची खोड आहे तुम्हाला, असं बायको हमखास म्हणाली असती. ते ऐकायला मिळावं म्हणून त्यांनी आणखी एक झटका खाल्ला असता. जुन्या टूथब्रशने, स्पिरिट लावून, त्यांनी साबणाचा पांढरा थर हलक्या हाताने काढला. तिच्या तापल्या कपाळावर एवढ्या हलक्या हाताने पट्टी ठेवायला आपल्याला जमलं होतं का, असा विचार मनात आला आणि त्यांनी ब्रश पुन्हा स्पिरिटात बुडवला.

भाग वाळले, जुळले. एक स्क्रू उरला, तो त्यांनी बशीखाली सरकवला. लेकीने नवी बॅटरी आणून दिली आणि चहा ओतायला ती आत गेली. चष्मेवाल्यांनी बटण दाबलं. भिंग करकरलं, अर्ध्यात अडकलं. पण पडदा उजळला.

पोटात एकच गोष्ट होती, आणि ती फोटो नव्हती. यांनी तेव्हा भलतंच बटण दाबून फोटोऐवजी व्हिडिओ घेतला होता. पडदाभर लालसर अंधार, त्यांच्याच अंगठ्याचा. कडेला तळ्याची पातळशी पट्टी आणि निळी बाही, एवढंच. चेहरा कुठेच नाही.

मग आवाज आला, घोगरा, पाणी प्यालेला, पण तिचाच. "अहो, बोट काढा ना भिंगावरून. जन्मभर चष्मे विकलेत, भिंग कुठे असतं ते कळू नये?" आणि ती हसली, मनापासून, बराच वेळ. "बरं, राहू द्या. पुढच्या वेळी जमेल तुम्हाला."

लेक हातातलं भांडं तसंच धरून दारात येऊन उभी राहिली होती.

"बाबा, परत लाव," ती म्हणाली.

चष्मेवाल्यांनी पुन्हा लावलं. अहो, बोट काढा ना, असं ती म्हणाली तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. आताही अंगठा भिंगावरच होता. त्यांनी तो हळूच बाजूला घेतला.