रंगाऱ्याची शिडी आणि परसातला मांडव

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. अंगावर रंगाचे इतके ओघळ आहेत, की माझा मूळ रंग आता मलाही आठवत नाही. सुताराने मला घडवलं आणि एका तरुण रंगाऱ्याने खांद्यावर टाकून घरी आणलं. मग आम्ही दोघांनी मिळून गावभरच्या भिंती उजळल्या. लोक भिंतीचं कौतुक करायचे, रंगाऱ्याचंही करायचे. शिडीला कोण विचारतो? पण काम संपलं की तो माझ्या पायऱ्या ओल्या फडक्याने पुसायचा. मला तेवढं पुरे होतं.

पुढे तो म्हातारा झाला. इतकी वर्षं माझ्यावरून कधी घसरला नाही, आणि घसरला तो न्हाणीघरात. नाव मात्र माझंच खराब झालं. कंबर बरी झाली, पण धीर खचला तो खचलाच. तो खोलीबाहेर पडेना, आणि मी परसातल्या भिंतीला टेकून धूळ खात राहिले.

त्याच्या लेकीने परसात वेलीसाठी लाकडी मांडव घालायचं ठरवलं. बाबा निदान सावलीत येऊन बसतील, एवढीच तिची आशा. तिने खडूने जमिनीवर चौकोन आखला. चार खांब, दोन तुळया, स्क्रू, खांब रोवायला सिमेंट, सगळी जुळवाजुळव झाली. वरच्या आडव्या पट्ट्यांपाशी गाडी अडली.

"ही शिडीच आडवी टाकू की वर," मांडवाच्या कामाला आलेले सुतारकाका म्हणाले. "लाकूड अजून खणखणीत आहे. फक्त रंधा मारून हे डाग काढतो."

लेक बरं म्हणाली. रंधा माझ्या अंगावरून एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरणार, तोच दारात काठी वाजली. म्हातारा भिंत धरत धरत बाहेर आला होता. लेक जागच्या जागी थबकली.

"थांबा," तो धापा टाकत म्हणाला. "हा निळा शाळेचा आहे. आणि हा पिवळा ना, हिचा जन्म झाला तेव्हा आमच्याच खोलीला दिला होता. राहू द्या ते."

लेकीने डोळे पुसत खुर्ची पुढे सरकवली. सुतारकाकांनी रंधा पिशवीत टाकला.

मित्रांनो, जुनी वस्तू तासून नवी करायला निघालात, तर तिच्यावर काय काय सांडलंय ते आधी घरातल्या कुणाला तरी विचारा. एवढंच माझं मागणं आहे.

आता मी मांडवावर आडवी पडून असते आणि तो रोज खाली येऊन बसतो. परवा वेलीचा कोवळा शेंडा माझ्यापर्यंत पोचला. त्याने मान वर केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "जपून गं बाई. तिसरी पायरी जरा हलते."