वरून गळलेलं ऑइल

माह्या गॅरेजात जुन्या टायरात एक मांजर व्याली अन् दोन महिन्यात मेली. एकच पिल्लू मांगं राह्यलं. त्याचं नाव मी नट ठेवलं.

बाजूच्या चहावाल्या धावजीले त्याच्या भुरीची फिकर. भुरी म्हंजे त्याची मांजर. "मन्सूरभाऊ, याची माय कायनं मेली कोनाले ठाव? तपासून आन."

पांढरकवड्याले जनावराच्या दीपा डाक्टरीनकडे गेलतो. तिनं रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला. एक रेघ म्हंजे बिमारी नाही, दोन म्हंजे हाय. दहा मिनिटात दोन आल्या.

"मांजरीचा एड्स म्हणतात याले," ती म्हने. "माणसाले होत नाही. पण मांजर मांजरीले चावली तं पसरते."

धावजी म्हने, "केळापूरच्या शिवारात सोडून ये."

पन डाक्टरीननं आनखी सांगतलं होतं. पट्टी बिमारी दाखवत नाही, बिमारीसंग लढाले अंगात जे तयार होते ते दाखवते. पिल्लाच्या अंगात ते मायच्या दुधातूनबी येते. सहा महिन्याचं झालं की पुन्हा पाहू.

मी म्हनलं, "म्यॅडम, समजलं. वरून गळलेलं ऑइल."

चाळीस वर्षं झाले, इंजिनचा खालचा चेंबर ओला दिसला म्हनून मी कधी फोडला नाही. पुसाचा, गाडी चालवाची, मंग पाहाचं. ऑइल वरच्या सीलातून गळलेलंबी असते.

धावजीले हे सांगतलं. "पुस मंग चार महिने," तो हासला. "एकच रेघ आली तं मी त्याले डोक्शावर घेऊन अख्खा बाजार फिरतो."

भंगार ऑटोच्या टपाले जाळी मारली अन् नटले आत ठेवलं. भुरी बाहेरून गुरगुरे, हा आतून शेपटी फुगवे. रातभर मी जागून राखन करो. माही बायको रहमतबी म्हने, "माह्यासाठी एवढे कधी जागले नाही तुमी." चार महिने एकबी मांजर त्याले शिवली नाही.

मंग पुन्हा थेंब, पुन्हा पट्टी. धावजी माह्या खांद्यावरून वाकून पाहून राह्यला. एक रेघ आली. पाच मिनिटं. दहा. दुसरी आलीच नाही.

"मायचंच होतं ते," डाक्टरीन म्हने. "पोरगा साफ हाय."

मी धावजीकडे पाह्यलं. त्यानं टोपी सारखी केली.

बाजाराच्या दिवशी धावजी पुढं, त्याच्या टोपीत नखं रुतवून नट, मांगं मी. भाजीवाल्या बाया उभ्या राहून पाहेत.

"काहो धावजी, हे काय?"

"पास झाला," धावजी म्हने, मान न हालवता. "सरका, सरका."

सांजच्याले मी जाळी काढून टाकली. भुरीनं त्याले एक थापड मारली. धावजीनं दोघांसाठी एकाच बशीत दूध ओतलं.