लाल चकतीचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना सिमेंटचा पत्रा आहे. नागमोडी, राखाडी आणि एका कोपऱ्याला तुटलेला. माझ्यासारखे पत्रे तुम्ही गोठ्यांवर, गोदामांवर, कदाचित स्वतःच्या घरावरही पाहिले असतील. मला मात्र तुम्ही पाहू शकणार नाही. माझ्याभोवती जाड प्लॅस्टिकचे दोन थर आहेत, त्यावर माती आहे आणि मातीभोवती कुंपण आहे. इथे अंधार आहे आणि वेळ भरपूर आहे, म्हणून माझी हकिकत सांगतो.

माझा जन्म दगडातून झाला. पण तो साधासुधा दगड नव्हता. तो कुटला की त्याचे लोकरीसारखे बारीक तंतू होतात. ते आगीत जळत नाहीत आणि पाण्यात कुजत नाहीत. कारखान्यात ते तंतू सिमेंटमध्ये कालवले, थर लाटले, ओले असतानाच साच्यावर वाकवले आणि वाळवले. आमचा मुकादम आमच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, याला शंभर वर्षे मरण नाही. तेव्हा मला त्या बोलण्याचा फार अभिमान वाटला होता. त्यात भिण्यासारखे काही आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते.

ट्रकमधून डोंगर ओलांडून आम्ही इसिक-कुल सरोवराच्या काठी सारी-ओरुक नावाच्या गावी आलो. जर्दाळूच्या बागांचे गाव. तिथे नवा क्लब बांधला जात होता. सिनेमा, नाच, लग्ने, सभा, सगळे त्या एका छपराखाली होणार होते आणि ते छप्पर आम्ही होतो.

आम्हाला बसवले ओमुरबेकने. लांब हातांचा, हसरा माणूस. लाकूड कापावे तसे तो आम्हाला करवतीने कापायचा आणि दुपारपर्यंत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा व्हायचा. खिळ्याखाली घालायला रबराच्या चकत्या लागतात, नाहीतर भोकातून पाणी गळते. माझ्यापर्यंत येता येता चकत्या संपल्या. ओमुरबेक घरी गेला आणि बायकोचा फाटका रबरी जोडा घेऊन आला. आमच्याकडे बायका मऊ बुटांवर असे जोडे चढवतात, बाहेरून काळे आणि आतून लाल. त्या जोड्याच्या त्याने चकत्या कापल्या आणि लाल बाजू वर ठेवून मला ठोकले. खाली त्याची बायको तोक्तोबुबू कमरेवर हात ठेवून उभी होती.

"नाचायला मला कधी नेलं नाहीस," ती म्हणाली, "आणि माझा जोडा तेवढा नाचघराच्या डोक्यावर चढवलास."

गवंडी हसले, तोही हसला. संध्याकाळी घराच्या उंबऱ्यावर ती त्याचा कोट झटकायची तेव्हा धुळीचा ढग उठायचा आणि दोघांना शिंका यायच्या. छपरावरून मला ते घर दिसे.

पुढची कितीतरी वर्षे मी सुखात होतो. हिवाळ्यात बर्फ पेलले, वसंतात माझ्या पन्हळींत जर्दाळूच्या पाकळ्या साचल्या. खाली वाजंत्री सुरू झाली की माझे खिळे हुळहुळायचे. लोक म्हणायचे, छप्पर असावे तर असे. मग दिवस पालटले. क्लबला कुलूप लागले. कबुतरांनी घरे केली, शेवाळ चढले, गारांनी माझे अंग खरबरीत केले. वर कोणी बघेनासे झाले. ओमुरबेकही चढेनासा झाला. आधी त्याला शिडी चढवेना, मग अंगणातला चढ चढवेना, मग खाटेवरून उठवेना. खोकून खोकून तो गेला. छपरांची थंडी छातीत बसली, असे गाव म्हणाले. तोक्तोबुबूही तसेच म्हणाली.

मग क्लब पाडायचे ठरले. त्या जागी खेळाची इमारत होणार होती. ठेका मेदेरला मिळाला. त्याला सगळे मेदेर-बाइके म्हणत, म्हणजे मेदेरदादा. गोड बोलणारा, लग्नाकार्यात सर्वांत मोठा मेंढा आणणारा माणूस. आमच्यासारखे पत्रे पाडण्याची रीत सरकारने ठरवून दिली आहे. आधी पाणी मारायचे, एकेक पत्रा अख्खा उतरवायचा, गुंडाळायचा आणि ठरलेल्या खड्ड्यात नेऊन पुरायचा. मेदेरने यंत्राचा पंजा सरळ छपरात घातला. माझे भाऊबंद कडाकडा फुटले. धूळ इतकी उडाली की सरोवर दिसेना. मी ढिगाच्या कडेला पडलो, म्हणून एका कोपऱ्यावर निभावले.

आता हा ढीग हलवायचा तर खर्च होता. मेदेरने काय करावे? त्याने गाव जमवले आणि सांगितले, हे सगळे तुमच्याच बापजाद्यांच्या घामाचे आहे, न्या ज्याला हवे ते, मला दमडी नको. लोकांनी त्याला दुवा दिला. आमच्याकडे जुना पत्रा कोणी टाकत नाही. कोणी मेंढ्यांच्या गोठ्यावर घातला, कोणी कुंपणाला लावला, कोणी तुकडे चिखलाच्या वाटेवर पसरले. पोरांनी शेकोटीत टाकले, कारण तापल्यावर आमचे तुकडे फटाक्यासारखे फुटतात. चार दिवसांत ढीग निम्मा झाला. फुकटात काम झाले आणि वर पुण्यही पदरात पडले.

तोक्तोबुबू सर्वांच्या शेवटी आली. काठी टेकत, खोकत ती ढिगाभोवती फिरत होती. माझ्यापाशी येऊन थांबली, वाकली आणि पन्हळीतली माती बोटाने दूर केली. खाली लाल रबर होते. ती कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली. मग शेजाऱ्याला हाक मारून तिने मला हातगाडीवर घालून घरी नेले.

मित्रांनो, इतके प्रेम मला कधीच कोणी दिले नव्हते. अंगणात दोन दगडांवर तिने मला आडवे ठेवले. तारेच्या ब्रशने माझे शेवाळ घासून काढले आणि माझ्यावर जर्दाळू वाळत घातले. शेजारी बसून ती माझ्याशी बोलायची. मुलगा रशियात बांधकामावर आहे, सून मीरगुल भरल्या दिवसांची आहे, जर्दाळू यंदा गोड आहेत, असे काहीबाही. ब्रशच्या प्रत्येक फटक्याबरोबर माझ्या अंगातले तंतू सुटत होते. डोळ्यांना न दिसणारे, शंभर वर्षे न मरणारे. मला ते कळत होते, आणि मला हात नव्हता, तोंड नव्हते. जिने मला जवळ केले तिच्याच छातीत मी रोज थोडाथोडा उतरत होतो.

उन्हाळा सरताना जिल्ह्याच्या पर्यावरण कचेरीतून चिनारा नावाची अधिकारी आली. पलीकडच्याच खोऱ्यातली मुलगी. तिने उरलेला ढीग तपासला, त्याभोवती दोरी बांधली आणि मेदेरवर हुकूम बजावला. पहिला बर्फ पडायच्या आत सगळा माल, घराघरांत गेलेलासुद्धा, त्याने स्वतःच्या खर्चाने गोळा करून पुरायचा. नाहीतर परवाना रद्द आणि खटला.

मेदेर घाबरला नाही. तो दारोदार हिंडला आणि हळू आवाजात सांगत सुटला की ज्याच्या घरात पत्रा सापडेल त्याच्यावरच सरकार कारवाई करणार आहे. चिनारा सांगत होती की तसे काही नाही. पण ती कचेरीतली आणि तो गावातला. एका दुपारीत गावातले पत्रे नाहीसे झाले. गवताखाली गेले, तळघरात गेले. मग मेदेर दोन्ही हात पसरून चिनाराला म्हणाला, "ताई, माल दाखवा, मी आत्ता उचलतो. गावात आहे कुठं?" ज्याने गावाला फसवले त्यालाच गाव पाठीशी घालत होते, आणि कोणाच्याच ते लक्षात येत नव्हते.

तोक्तोबुबूला ना शिक्षेची भीती होती ना मेदेरची पर्वा. तिला मी हवा होतो. नवऱ्याच्या हातचे तेवढेच उरले होते. मला लपवायला तिने जी जागा निवडली ती आमच्याच लोकांना सुचावी. मीरगुल नुकतीच बाळंत झाली होती. आमच्याकडे चाळीस दिवस बाळाच्या खोलीत परका माणूस पाऊल टाकत नाही. सरकारी माणूससुद्धा नाही. दोघींनी मला अंगणातून ओढत आत नेले, भिंतीला टेकवून उभे केले आणि वरून लोकरीचे जाड जाजम सोडले. माझ्यापुढे पाळणा होता. आमच्याकडचा पाळणा टांगलेला नसतो, जमिनीवर लाकडी पायांवर डुलतो आणि बाळ त्यात पट्ट्यांनी बांधलेले असते.

मी छपरावर उन्हात तापलो होतो, बर्फाखाली दबलो होतो, ढिगात पडलो होतो. पण कोंडला गेलो तो त्या खोलीत. खिडक्या गच्च बंद, चूल पेटलेली, दुधाचा वास. बाळ रडले की मीरगुल पाळणा झुलवायची आणि पाळण्याचा लाकडी पाय जाजमावरून माझ्या तुटक्या कोपऱ्यावर आपटायचा. टक, टक. दर झोक्याला माझा कोपरा थोडा झिजायचा आणि जाजमाखालून बारीक भुकटी जमिनीवर पडायची. सकाळची उन्हाची तिरीप पाळण्यावर आली की तिच्यात कण तरंगताना दिसायचे. मीरगुलला वाटे, लोकर आहे. मला ओरडावेसे वाटे. आईने गाणे म्हणावे आणि त्या गाण्याच्या तालावर मी तिच्या लेकीच्या अंगावर झरावे, याहून वाईट काय असते? तुम्हीच सांगा.

चिनारा घरोघर फिरत आमच्या अंगणात आली. तिला दोन मोकळे दगड दिसले आणि तिथून घराच्या दारापर्यंत गेलेला पांढरा ओरखडा दिसला. ती उंबऱ्याबाहेर थांबली. दाराशी बोललेले सगळे मला ऐकू येत होते.

"आपा, पत्रा आत आहे ना?" ती म्हणाली. आपा म्हणजे आई. आमच्याकडे कोणत्याही म्हातारीला अशीच हाक मारतात.

"आत बाळंतीण आहे. चाळीस दिवस व्हायचेत. कचेरीत शिकलीस म्हणून हेही विसरलीस?"

"नाही विसरले. उंबरा ओलांडणार नाही. इथंच बसते."

ती खरोखरच पायरीवर बसली. दारी आलेल्याला तसेच कसे बसवायचे? तोक्तोबुबूने कुरकुरत चहा आणि रोटी आणली. चिनाराने रोटीचा तुकडा मोडून तोंडात घातला. तोक्तोबुबूला खोकल्याची उबळ आली आणि लवकर थांबेना. ती थांबल्यावर चिनाराने विचारले की हा खोकला कधीपासून आहे आणि ओमुरबेकबाबा कशाने गेले.

"थंडीनं. छपरांची थंडी बसली छातीत."

"डॉक्टर असं म्हणाले?"

"डॉक्टर कुठला. आम्हीच म्हणालो."

चिनारा तिच्याजवळ सरकली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आपा, ती थंडी नव्हती. पत्रे कापताना जी पांढरी धूळ उडायची, ती होती. ती छातीत गेली की परत बाहेर येत नाही. माणूस वीस-वीस वर्षं धडधाकट हिंडतो आणि मग त्याला चढ चढवेनासा होतो."

मग तोक्तोबुबू म्हणाली, "त्याचा कोट मी रोज या उंबऱ्यावर झटकायची."

"म्हणून तर तुमचा खोकला विचारला."

आत बाळ कुरकुरले. मीरगुलने पाळण्याला हात लावला. टक, टक, टक.

"आपा," चिनारा म्हणाली, "पाळणा कशावर आपटतोय?"

पेला पायरीवर ठेवल्याचा आवाज आला, मग पावले. तोक्तोबुबू आत आली. माझ्याकडे तिने पाहिलेच नाही. पाळण्याचे पट्टे सोडले, बाळाला उचलले आणि सुनेला दंडाला धरून उठवले. मीरगुल म्हणत होती की चाळीस दिवस झाले नाहीत, बाहेर परकी बाई आहे. म्हातारी उंबऱ्याबाहेर गेली आणि बाळ चिनाराच्या हातांत ठेवले.

"धर. तुझी नजर लागली तर लागू दे."

पुढचे सारे दिवसाउजेडी झाले. ती काठी टेकत गल्लीत उभी राहिली आणि ओमुरबेक कशाने गेला ते प्रत्येक दाराशी सांगत गेली. मग गवताखालचे, तळघरातले पत्रे लोकांनी स्वतः दाखवले. माल दिसत नाही असे म्हणायला मेदेरला जागा उरली नाही. चिनाराने त्याला मुखपट्टी बांधायला लावली, पाण्याचा फवारा त्याच्याच हातात दिला आणि एकेक घर पुरे करून घेतले. आमच्या घरातला जमिनीवरचा कण न् कण ओल्या फडक्याने पुसला, पाळण्याच्या गाद्या आणि ते लोकरीचे जाजमही नेले. मला उचलताना एक टोक मेदेरने धरले होते.

तोक्तोबुबू दुरून म्हणाली की ती लाल चकती तेवढी काढून द्या. चिनाराने मान खाली घातली. चकती काढायची तर मला खरवडावे लागणार होते, आणि नाही म्हणायला तिला जड जात होते. मग म्हातारीच म्हणाली, "राहू दे. त्याच्या हातचं पत्र्यापाशीच राहू दे."

असा मी इथे आलो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला बाहेर काढा, झाडापुसा, जपा. माझे मागणे उलटे आहे. मला इथेच राहू द्या. हा खड्डा कोणी उकरू नका, वरची पाटी कोणी उपटू नका. आणि माझे भाऊबंद तुमच्या छपरांवर असतील तर त्यांना करवत लावू नका, घासू नका, फोडू नका, शेकोटीत टाकून हसू नका. त्यांना उतरवायची वेळ आली तर जाणत्या माणसांना बोलवा. फुकट मिळाला म्हणून घरी नेऊ नका. मला प्रेमाने घरी नेले होते.

जर्दाळूच्या दिवसांत तोक्तोबुबू येते. सोबत नात असते. ती आता पळते आणि म्हातारी तिला कुंपणापासून लांब रहायला ओरडते. म्हातारीचा खोकला मला मातीतून ऐकू येतो. तो कमी झालेला नाही. ती कुंपणाबाहेर बसून यंदाचे जर्दाळू कसे आहेत ते सांगते आणि उठून जाते. माझ्या अंगावर तिच्या जोड्याची लाल चकती अजून आहे. म्हातारी बाहेर थांबते, मी आत राहतो.